कोकणातल्या वाडीत नेमके काय पाहिले, म्हणजे चित्र सुचते?

जलरेषा

नमस्कार. मी जलरंगात काम करते, हौशी म्हणावे इतपतच. गुहागरकडे माझ्या मावशीची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि जमेल तेव्हा रंगपेटी घेऊन मी तिथे जाते. अडचण अशी, की वाडीत असताना पाहावे तिकडे चित्र दिसते, पण कागदावर उतरते ते वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरावर शोभेल असेच काहीतरी: दोन माड, एक विहीर, कौलारू घराचा कोपरा आणि मागे समुद्राची निळी पट्टी. हिरवा रंग तर कागदभर एकच.

निसर्गात गेले की प्रेरणा आपोआप मिळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तसे असते, तर वाडीत जन्मलेला प्रत्येक जण चित्रकार झाला असता. म्हणून जे चित्रे काढतात, लिहितात, फोटो काढतात, विणकाम किंवा लाकूडकाम करतात, त्यांना माझा प्रश्न आहे: वाडीत गेल्यावर आपण पाहता काय आणि घरी परतल्यावर त्यातले काय खरोखर कामाला येते? ज्यांच्या स्वतःच्या वाड्या आहेत त्यांनीही लिहावे. पाहुण्यांच्या नजरेतून काय सुटते, हे त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल.

दर्यावर्दी

वाडीत जन्मलेला प्रत्येक जण चित्रकार झालाही असता, पण त्याला शिंपण्यातून कोणी मोकळे सोडले नाही.

कुंचला

जलरेषाताई, हिरव्या रंगाची तक्रार मी माझ्या वर्गात दर वर्षी ऐकतो, म्हणून आधी तिच्यावरच लिहितो.

सगळी पाने हिरवी आहेत, हे आपण डोळ्यांनी पाहण्याआधीच मनाशी ठरवून टाकलेले असते. केळीच्या एकाच पानापाशी उभे राहून पाहावे. ऊन पानाच्या पलीकडून येत असेल, तर पान पिवळसर, जवळजवळ पेटल्यासारखे दिसते, कारण प्रकाश पानातून गाळून येतो. तेच ऊन पानाच्या वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तिरपे पडले, तर पानावर आकाश उमटते आणि तो भाग निळसर राखाडी, कधी कधी चक्क पांढरा दिसतो. शिरेच्या एका बाजूचे अर्धे पान पिवळ्याकडे झुकलेले आणि दुसऱ्या बाजूचे निळ्याकडे, असे एकाच पानात पाहायला मिळते. जमिनीवरून परतणारा उजेड पानाच्या पोटावर पडतो, तेव्हा तिथे तांबूस छटा येते. म्हणजे एका पानात तीन रंग झाले, आणि नळीतला तयार हिरवा यांपैकी एकाही ठिकाणी चालत नाही.

माझा सल्ला असा, की पुढच्या खेपेस हिरव्या रंगाच्या नळ्या घरीच ठेवाव्यात. अल्ट्रामरीन, एक थंड निळा, एक लिंबासारखा पिवळा, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना एवढ्यावर काम करावे. हिरवा प्रत्येक वेळी मिसळून घ्यावा लागला, की मिसळण्याआधी पाहावेच लागते.

जांभादगड

कुंचला सरांशी सहमत आहे. त्यांनी लिहिलेली तांबूस छटा आमच्याकडे राजापूर-देवगड पट्ट्यात फार ठळक दिसते, कारण जमीन तांबड्या जांभ्या दगडाची, गडगे म्हणजे दगडी कुंपणे जांभ्याची आणि विहिरीचे काठही चिऱ्याचे. दुपारी पोफळीच्या बुंध्यांवर खालून लाली चढलेली दिसते.

अष्टागरकर

जांभादगड, आपले म्हणणे आपल्या भागापुरते खरे आहे. अलिबाग, नागाव, अक्षी, रेवदंडा या बाजूच्या किनाऱ्यालगतच्या वाड्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, जमिनीत आहेत. तिथे खालून येणारा उजेड फिकट, मातकट आणि थंड असतो. सावल्याही मऊ दिसतात. कोकण म्हटले की लाल मातीच रंगवायची, हा शहरातल्या चित्रकारांचा ठरलेला परिपाठ आहे आणि कॅलेंडराची सुरुवात बहुधा तिथेच होते.

नागावचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली नागावचा. त्यांच्या चित्रांत पान, शिंपला, घड्याळ, फळ अशा वस्तू मोकळ्या अवकाशात एकेकट्या ठेवलेल्या असतात आणि रंगही पुष्कळदा एनॅमलचा, चकचकीत, सपाट. वाडीचे ‘दृश्य’ त्यांत शोधूनही सापडत नाही. तरीही एखादे पान इतके सुटे करून पाहण्याची सवय ही वाडीत रमलेल्या माणसाची सवय आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

कुंचला

अष्टागरकर, जन्मगावावरून चित्राचा उगम ठरवणे मला रुचत नाही. बरवे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, नंतर काही वर्षे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते आणि तंत्रमार्गातल्या प्रतिमांचा त्यांच्यावर तिथे पडलेला प्रभाव त्या काळातल्या चित्रांत सरळ दिसतो. मात्र देखावा रंगवण्याऐवजी एक वस्तू उचलून तिच्यापाशी थांबायचे, ही दिशा जलरेषाताईंच्या कामाची आहे, एवढे मी मान्य करतो.

काळीमिरी

वाडीवाल्यांनी लिहावे अशी विनंती आहे, म्हणून लिहितो. आमची वाडी वेंगुर्ले तालुक्यात आहे. चित्रकलेतले मला काही कळत नाही, पण पाहुण्यांच्या नजरेतून काय सुटते हे मी खात्रीने सांगू शकतो.

पहिली गोष्ट, वाडीला आखणी असते. पोफळ साधारण २.७ मीटरवर आणि माड साडेसात मीटरवर लावावा, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. जुन्या वाड्यांत मोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे रोप लावत गेल्यामुळे रांगा विस्कटलेल्या असतात, तरी मूळ चौकट शिल्लक असते. पाहुणा सरळ वाटेने आत येतो आणि त्याला झाडांची नुसती गर्दी दिसते. तोच दोन पावले बाजूला सरकून तिरक्या कोनात उभा राहिला, तर झाडांच्या रांगा एकाएकी उघडतात आणि वाडीच्या टोकाचा गडगा दिसतो. आम्ही पाणी सोडताना याच तिरक्या रेषांवरून चालतो.

दुसरी गोष्ट, वाडी उभी वाचायची असते. वर माडाचे छत, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, त्याखाली जायफळ आणि केळ, जमिनीलगत हळद, आले, अळू आणि अननस. प्रत्येकाला लागणारे ऊन वेगळे आणि ते त्याला वरच्याने गाळून दिलेले. पाहुणे मान वर करून माडाचा फोटो काढतात किंवा खाली पाहून अननसाचा. मधल्या दहा-पंधरा हातांत, जिथे खरा संसार चाललेला असतो, तिथे कोणी पाहतच नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. आता बहुतेक वाड्यांत ठिबक आले आहे. पण आमच्या आजोबांच्या वेळी पोफळीचे खोड उभे चिरून, आतला भुसभुशीत गाभा काढून पन्हळी करायचे आणि त्यांतून पाणी आळ्यापर्यंत न्यायचे. एक झाड मेले, की त्याच्यातून दुसऱ्या झाडांना पाणी मिळायचे. आमच्याकडे अशी एक पन्हळ अजून आहे. तिच्या आतल्या बाजूला पाण्याने तंतू उघडे पाडले आहेत आणि शेवाळ फक्त पाण्याच्या जुन्या पातळीपर्यंतच धरलेले आहे.

मुंबईहून आलेला माझा एक भाचा वही घेऊन तासन्‌तास बांधावर बसत असे. माझे वडील त्याला म्हणायचे, “नुसतो बघत काय रवलंस? आळ्यात पाणी सोड.” तो उठून पाणी सोडायला लागला आणि त्यानंतरची त्याची रेखाटने मलासुद्धा ओळखू यायला लागली. कुठला माड कुठला, हे त्यांत दिसत होते.

दर्यावर्दी

म्हणजे प्रेरणा हवी असेल, तर शिंपण्याची मजुरी वाडीवाल्याने द्यायची की चित्रकाराने?

काळीमिरी

जेवण वाडीवाल्याचे. बाकी हिशेब पावसाआधी करू.

चाफेकळी

मला काळीमिरी काकांचे म्हणणे भावले, तरी प्रत्येकाने राबल्याशिवाय चित्र येत नाही, असा अर्थ त्यातून निघत असेल तर माझा विरोध आहे. मी गुडघ्याच्या दुखण्यामुळे वाडीत फिरू शकत नाही. सासरी आरवलीला पडवीत खुर्ची टाकून बसते आणि समोरच्या सुरंगीच्या झाडाकडे पाहत भरतकामाचे नमुने काढते. ज्यांनी सुरंगी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: तिची फुले कोवळ्या शेंड्यांवर न येता जुन्या, जाड फांद्यांनाच घोसांनी चिकटलेली असतात. पाकळ्या पांढऱ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा दाट झुबका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटेच कळ्या काढाव्या लागतात, कारण एकदा उमलली की गजऱ्याच्या कामाची राहत नाहीत. कळ्या उतरवणारी माणसे काठीने फांदी ओढून घेतात, तेव्हा फांदीचा जो ताण दिसतो तो मला फुलाहून अधिक आवडतो. माझ्या अलीकडच्या एका दुपट्ट्यावर फूल एकही नाही. फक्त वाकवलेल्या फांद्या आणि त्यांना धरून बसलेले गाठीच्या टाक्यांचे पुंजके आहेत. खुर्चीवरून एवढे दिसते.

जलरेषा

चाफेकळीताई, त्या दुपट्ट्याचा फोटो इथे लावता आला तर फार बरे होईल. काळीमिरी काका, तिरक्या कोनाची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. मी नेहमी वाटेच्या मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंना झाडे मांडत आले आहे.

कागदकारण

फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने १८८३ मध्ये जिव्हर्नी या गावी राहायला गेला. पुढे घर विकत घेतले, मग १८९३ मध्ये शेजारची जमीन घेऊन तळे केले, त्यात कमळे लावली आणि त्या एका तळ्याची सुमारे अडीचशे चित्रे केली. तळ्याची निगा राखायला वेगळा माळी होता. माझ्या मते प्रेरणेसाठी बागेला ‘भेट’ देणे ही कल्पनाच अपुरी आहे. तिथे वर्षानुवर्षे राहावे लागते. मुंबईहून शनिवार-रविवारी येऊन कॅलेंडरापलीकडचे काही हाती लागेल, ही अपेक्षाच अवास्तव वाटते.

चिताररंग

कागदकारण यांचे उदाहरण फार मोठे आहे, पण इथे गैरलागू आहे. मोनेने बाग चित्रासाठी केली. कुठे काय फुलावे, पाण्यावर किती पाने तरंगावीत, हे तो चित्राच्या सोयीने ठरवत होता. कोकणातली वाडी सुपारीसाठी असते. तिथल्या माणसाने चित्रकाराचा विचार केलेला नाही, आणि नेमके म्हणूनच तिथे काही अनपेक्षित सापडण्याची शक्यता जास्त आहे.

मी सावंतवाडीचा आहे. आमच्या चितारआळीत लाकडाची फळे होतात. आंबा, केळे, सीताफळ, वांगे, काकडी हे सगळे हलक्या लाकडाचे, पांगाऱ्यासारख्या, आणि वर रंग. ही फळे करणारे कारागीर प्रेरणा घेण्यासाठी कुठल्या बागेत जाऊन बसत नव्हते. फळ रोजच्या जेवणातले, दारातले होते. पण एक चांगले लाकडी आंब्याचे फळ हातात घेऊन पाहावे. देठाजवळ किंचित खोलगट, एका अंगाला जास्त फुगलेले आणि चोचीकडे हिरवा रंग पिवळ्यात विरत गेलेला. पिकत आलेल्या फळावर कुठे आधी रंग चढतो, हे माहीत असल्याखेरीज ते तसे रंगवता येत नाही. गंजिफ्याचेही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचेही, तेच आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे बारा-बारा मिळून १२० गोल पत्ते असतात, आणि तळहातावर मावणाऱ्या वर्तुळात अवतार बसवून उरलेल्या जागेत वेलबुट्टी काढायची असते. तिथे वेल कुठे वळणार हे पत्त्याची कड ठरवते. वाडीत पाहिलेली वेल तशीच्या तशी तिथे बसतच नाही.

म्हणून मला वाटते, की जलरेषाताईंनी कागदाचा आकार बदलून पाहावा. नेहमीचा आडवा आयत घेतला, की माड, विहीर आणि क्षितिज आपोआप जागेवर जाऊन बसतात. एक अरुंद उभी पट्टी घ्यावी, वीतभर रुंद आणि दोन हात लांब. काळीमिरींनी सांगितलेली ती उभी वाडी त्यातच मावेल.

कुंचला

उभ्या पट्टीची सूचना उत्तम आहे. त्या पट्टीत वरपासून खालपर्यंत पोफळीचे एकच खोड उतरवले तरी पुष्कळ आहे. वर गुळगुळीत हिरवे, खाली येता येता करडे, गळून गेलेल्या झावळ्यांच्या वणांची कडी, आणि त्यांवर दगडफुलाचे पांढरे-गुलाबी डाग. दोन कड्यांमधले अंतर खाली जास्त आणि वर कमी असते, कारण झाड तरुणपणी भराभर वाढते आणि नंतर मंदावते. खोडाचे वय असे मोजपट्टीविना कागदावर येते.

कावळेमास्तर

चिताररंग यांनी सावंतवाडी काढली, तर काव कशी मागे राहील? सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओलसर आहे तोवर लोखंडी हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. पांढरी दिसते ती रेषा खरे तर काढून टाकलेली जागा असते. वेली, फुले, कुंडीतली झाडे, मोर हे विषय त्यात ठिकठिकाणी दिसतात.

वाडी पाहून आल्यावर हे तंत्र मला फार उपयोगी वाटते, कारण वाडीतला उजेडसुद्धा काढून टाकलेलाच असतो. सगळीकडे सावली आणि तिच्यात पडलेली कवडशांची भोके. जलरंगात याचे उत्तर म्हणजे कागदाचा पांढरा राखून ठेवणे. आधी कवडसे आखून कोरडे सोडावेत आणि नंतर सावलीचा रंग द्यावा. बहुतेक नवशिके सावली आधी देतात आणि मग पांढऱ्या रंगाने ठिपके टाकत बसतात, ते ठिपके चुना उडाल्यासारखे दिसतात.

जांभादगड

थोडे विषयांतर होईल, पण कवडशांवरून आठवले. दाट वाडीतले कवडसे गोल असतात, फट कशीही वेडीवाकडी असली तरी. पानांतली बारीक फट सुईच्या छिद्रासारखे काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात आमच्या खळ्यात शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या. कवडसे गोल काढले आणि ते जमिनीच्या उतारानुसार लांबट केले, तर चित्रातली जमीन आपोआप आडवी होते.

सुगरण

पाहण्याबद्दल इतके लिहिले जात आहे, म्हणून अलिबागजवळच्या किहीमची आठवण करून देते. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली १९३० मध्ये नोकरी नसताना किहीमच्या घरी राहत होते आणि त्यांनी तिथल्या सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर त्यात राहते आणि मग नर उरलेले विणून पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे विणायला घेतो. नापसंत ठरलेली अर्धी घरटी झाडावर तशीच लोंबत राहतात. हे पूर्वी कोणाला नीट माहीत नव्हते, कारण लोक सुंदर पूर्ण घरटे पाहून पुढे जात.

कागदकारण यांना मी हेच सांगेन, की मुक्कामाचा काळ एवढा एकच मुद्दा नाही. घरटी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी असलेल्यांनाही अर्ध्या घरट्याचा प्रश्न पडलेला नव्हता.

कागदकारण

सुगरण, आपला मुद्दा मान्य आहे. तरी ते निरीक्षण एका दुपारचे नव्हते, हेही आपण मान्य कराल.

सुगरण

नक्कीच करेन. एकाच झाडासमोर महिनोन्‌महिने बसणे, यावर आपले एकमत होईल.

डासांचामित्र

इतक्या अभ्यासू चर्चेत विचारावे की नाही, अशा संकोचाने विचारतो: वाडीत संध्याकाळी पाचनंतर आपण सगळे बसता कसे? आमच्या रेखाटनांत रेषेला जो जिवंत कंप आहे, असे परीक्षक म्हणाले, तो पूर्णतः डासांमुळे आहे.

चाफेकळी

शेणी पेटवून धूर करावा. चित्रात धुके आल्याचा आभास होतो, तो फायदा वेगळा.

श्रीवर्धनी

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. एक वेगळी बाजू मांडते. तिची कोणाला अडचण होऊ नये.

आमची सुपारीची वाडी श्रीवर्धनला होती. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ नावाच्या चक्रीवादळात काही तासांत ती आडवी झाली. जे वाचले ते वाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे, गडग्याच्या आडचे. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, त्यामुळे नुकसान त्या एका वर्षाचे नव्हते. सावली गेल्यावर खालची जायफळेही उन्हाने करपली. वादळातून वाचलेली झाडे त्या उन्हाने मारली, हे बाहेरच्यांना सांगूनही लक्षात येत नसे.

त्या दिवसांत पंचनाम्यासाठी पडलेली झाडे मोजून लिहायची होती. मी वहीत खुणा करता करता खोडे कशी पडली आहेत ते रेषांनी दाखवू लागले. जवळजवळ सगळी एकाच दिशेला होती. मधूनच एखादे आडवे पडलेले, म्हणजे तिथे आधीच पडलेल्या माडाने वारा अडवला होता. कार्यालयाला त्या रेषांचा काही उपयोग झाला नाही, त्यांना आकडाच हवा होता. पण ती वही माझ्याकडे आहे आणि पुढे मी मातीच्या फरश्यांवर जे काम सुरू केले, ते सगळे त्या तिरप्या रेषांचे आहे. हिरवा रंग त्यात कुठेच नाही. वाडीवरून सुचलेली चित्रे सुंदरच असावीत, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, एवढेच म्हणायचे होते.

काळीमिरी

ताई, आमच्याकडे पुढच्या वर्षी तौक्ते चक्रीवादळ आले, पण आपल्याइतके नुकसान झाले नाही. नवी लागवड केली असेल, तर पोफळी वाढेपर्यंत मध्ये केळ घट्ट लावा, सावलीची सोय होते. आपल्याला हे माहीत असणारच. तरी लिहिल्यावाचून राहवले नाही.

श्रीवर्धनी

केळ लावली आहे, दादा. आभार.

अष्टागरकर

श्रीवर्धनी यांच्या लिखाणानंतर हे फार क्षुल्लक वाटेल, पण मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आमच्या बाजूला पर्यटकांसाठी राहण्याची सोय करताना कित्येकांनी पोफळी काढून हिरवळ, फॉक्सटेल पाम आणि रंगीत कुंपणझाडे लावली आहेत. अशा एका ठिकाणी मी रेखाटनांच्या शिबिराला गेलो होतो. शिबिरार्थींनी जे काढले ते कुठल्याही शहरातल्या बागेत काढता आले असते, आणि संयोजक मात्र कोकणी निसर्गातून मिळालेल्या प्रेरणेवर बोलत होते. शिबिराचे शुल्क भरण्याआधी तिथे विहिरीतले पाणी कशासाठी वापरतात, हे विचारून घ्यावे.

चिताररंग

हिरवळीसाठी वापरत असतील तर परत यावे, असेच ना?

अष्टागरकर

परत यावे आणि शेजारच्या वाडीत विचारावे. सहसा नाही म्हणत नाहीत.

जलरेषा

सर्वांचे मनापासून आभार. आता मी मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण इतके वाचल्यावर तो मला थोडा निराळ्या रूपात पडला आहे. आजवर मी वाडीत जाऊन वाडी काढत होते. इथे ज्यांनी आपल्या कामाबद्दल लिहिले, त्यांच्यापैकी कोणीच वाडी काढलेली नाही. चाफेकळीताईंनी फांदीचा ताण घेतला, श्रीवर्धनी ताईंनी पडण्याची दिशा घेतली, काळीमिरी काकांच्या भाच्याने माड ओळखीचे केले. मलाही एक वस्तू निवडावीशी वाटते आणि ती मी मावशीशी बोलून निवडली आहे: जायफळ.

झाडावरचे पिकलेले फळ फिकट पिवळे, छोट्या पेरूएवढे असते. त्याच्या अंगावरच्या खाचेवर ते आपोआप उकलते आणि दोन वाट्यांच्या मध्ये गर्द तपकिरी, चकाकणारी बी आणि तिला घट्ट बिलगलेली लालभडक जायपत्रीची जाळी दिसते. जाळी बीवर इतकी आवळलेली असते, की ती सोडवल्यावर कवचावर तिचे चर उमटलेले दिसतात. काढल्यानंतर हा लाल टिकत नाही. वाळता वाळता तो नारिंगी, मग पिवळट होतो. मावशी जायपत्री सुपात पसरते तेव्हा वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या पाकळ्या शेजारी शेजारी असतात आणि सूप म्हणजे त्या लालाचा उतरता क्रमच होतो. मला तो क्रम चिताररंग यांनी सुचवलेल्या उभ्या पट्टीत, वरून खाली मांडायचा आहे. कुंचला सर, यात हिरव्याला जागा नाही, त्यामुळे तूर्त तुमची परीक्षा टळली.

कुंचला

टळली असे समजू नका. त्या लालाच्या शेजारी सुपाचा रंग आणि सावली येणार आहे, आणि लाल वस्तूची सावली हिरवटाकडे झुकते. एक सूचना: ताज्या जायपत्रीचा लाल साठवून ठेवता येत नाही, फोटोत तर तो हमखास नारिंगी किंवा गुलाबी येतो. त्यामुळे फळ उकलल्याच्या दिवशीच रंगाची पट्टी मिसळून, कोणते दोन रंग घेतले ते पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवावे. पायरॉल किंवा क्विनॅक्रिडोन लाल घ्यावेत, ते उजेडात टिकतात. अलिझरीन क्रिमझन टाळावा, जुना प्रकार असेल तर काही वर्षांत उडतो.

रातांबा

लालाचा विषय आहे म्हणून विचारते: कोकमाचा आगळ शाई म्हणून कोणी वापरून पाहिला आहे का? वाडीतल्याच रंगाने वाडीतले फळ काढले, तर गंमत येईल असे वाटते.

कावळेमास्तर

गंमत येते, पण थोडे दिवस. कोकमाचा रंग फुलांच्या निळ्या-लाल रंगांच्या जातीचा आहे, उजेडात तो फिका पडतो. आंबटपणात लाल राहतो आणि चुन्याच्या निवळीचा थेंब पडला की निळसर, पुढे हिरवट-करडा होतो. आगळात मीठ असते, ते कागदावर दमट हवेत पाणी धरते आणि कागद कधीच पुरता वाळत नाही. बिनमिठाचा रस घ्यावा आणि तो वहीतल्या खेळापुरताच वापरावा. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी टिकाऊ रंग हवा असेल, तर वाडीतली तांबडी माती वस्त्रगाळ करून, चार-पाच वेळा पाण्यात निथळून डिंकात घोटावी. ती उडत नाही.

काळीमिरी

जलरेषा, जायफळ वर्षभर थोडे थोडे मिळते, पण जास्त फळ पावसाळ्याच्या सुरुवातीला उकलते. ते खाली पडून भिजले की जायपत्रीवर बुरशी येते, म्हणून आम्ही सकाळी लवकर गोळा करतो. मावशीला सांगून त्या वेळी या. आणि एक पाहा, जायफळाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, नराला फळ लागत नाही. मावशीच्या वाडीत नर झाड कुठले आहे ते विचारून त्याचेही एक रेखाटन करा. त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

जलरेषा

पावसाळ्यात येणे जमेल, पण कागदाचे काय करू? मागे जूनमध्ये नेलेला गठ्ठा बुरशीने ठिपक्याठिपक्यांचा झाला आणि रंग त्या ठिपक्यांवर शाई पसरावी तसा पसरत होता.

कुंचला

संपूर्ण गठ्ठा नेऊ नका. लागतील तेवढे सुती कागद घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून न्या. चित्र वाळवायला चुलीजवळची, धूर न लागणारी जागा बरी. पहिला थर पुरता वाळल्याची खात्री हाताच्या मागच्या बाजूने करावी, थंड लागला तर अजून ओल आहे. पावसात दोन थरांच्या मध्ये अर्धा दिवससुद्धा जातो, तेव्हा एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या हाताशी ठेवाव्यात.

रातांबा

मी त्याच सुमारास गुहागरला असेन. मीठ न घातलेला कोकमाचा रस बाटलीत भरून ठेवते. कावळेमास्तरांची निथळलेली माती कोणी आणणार असेल, तर सांगावे.

कावळेमास्तर

माती मी देतो. रत्नागिरीपर्यंत कोणी येत असेल, तर निरोप पाठवावा.